दादा गप्प असला की आजारी आणि बोलका झाला की बरा, असं नसतं

भाऊ, तुमचा प्रश्न लांबलचक आहे, म्हणून बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात मांडते. तुमचा मोठा भाऊ ३४ वर्षांचा. यवतमाळ जिल्ह्यात पाच एकर वावर, कापूस आणि तूर. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधीपासून तो बाजेवरच पडून राहायला लागला, वेचणीला गेला नाही, लेकराशीही बोलेना. मार्च संपता संपता एकदम 'बरा' झाला. इतका बरा, की रात्री दोनला उठून वावरात जायचा. शेळीपालनाचं शेड टाकायचं म्हणून वहिनींचं सोनं गहाण ठेवलं, जुन्या ट्रॅक्टरसाठी इसार देऊन आला, गावातल्या प्रत्येक वरातीत पहाटेपर्यंत नाचला, अडवलं तर अंगावर धावून आला. मे महिन्यात तुम्ही त्याला डॉक्टरांकडे नेलं. गोळ्यांनी तो शांत झाला आणि पोळ्याच्या सुमारास त्यानं गोळ्या सोडल्या. आता ऐन वेचणीत पुन्हा गप्प. आई म्हणते बाहेरचं आहे. वहिनी मुलाला घेऊन माहेरी गेल्या आहेत. तुमचे प्रश्न तीन: हा आजार आहे की कर्जाचं टेन्शन, गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतील का, आणि ऐकतच नसेल तर जबरदस्तीनं भरती करता येईल का.

तिन्हींची उत्तरं देते, पण आधी दुसरंच काहीतरी. तुमच्या लिहिण्यात एक ओळ ओझरती आली आहे, की तुमच्या काकांनी तरुणपणी विहीर जवळ केली होती. घरात आधी कुणी जीव दिलेला असणं, माणूस चढलेल्या काळातून नुकताच खाली आलेला असणं आणि त्या काळात केलेली उधारी आता दारात उभी असणं, हे सगळं एका ठिकाणी आलं की मी बाकीचं बाजूला ठेवते. चढलेल्या काळात आपण काय काय केलं ते माणसाला बरंचसं आठवत असतं. सोनं गेलं, गावात शोभा झाली, बायको निघून गेली, हे तो बाजेवर पडून मनात घोळवत असतो.

त्याला सरळ विचारा. 'दादा, जगणं नको वाटतं का? जीव द्यायचा विचार येतो का?' असं विचारल्यानं डोक्यात नसलेलं डोक्यात घातलं जातं, ही भीती जवळपास प्रत्येक घरात असते. तसं होत नाही. कुणीतरी शेवटी विचारलं, याची सुटकाच बहुतेकांच्या चेहऱ्यावर दिसते. 'हो' म्हणाला तर रागावू नका, लेकराची शपथ घालू नका. कधी, कसं, हेही मनात ठरवलं आहे का ते विचारा. ठरवलं असेल तर उद्याची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी दवाखाना, आणि तोवर एक माणूस सतत त्याच्याजवळ.

फवारणीची औषधं आजच घरातून काढा. कोठ्यात, मोरीवर, बाजेखाली अर्धे उरलेले डबे असतातच. भरवशाच्या नातेवाइकाकडे कुलपात ठेवायला द्या आणि पुढच्या फवारणीला लागेल तेवढंच, तुम्ही स्वतः आणा. जीव देण्याची तीव्र ऊर्मी बऱ्याचदा थोडाच वेळ टिकते, आणि त्या वेळात हाताशी काय आहे यावर पुष्कळ अवलंबून असतं. श्रीलंकेत सर्वांत घातक कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी आली, त्यानंतरच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. लोकांची दुःखं तिथेही काही संपली नव्हती.

रात्री-बेरात्री काही सुचेनासं झालं तर टेली मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. आणि वाईटात वाईट झालंच, कुणी काही पोटात घेतलंच, तर मिठाचं पाणी पाजून उलट्या काढत बसू नका. १०८ ला फोन, सोबत औषधाचा डबा, आणि थेट मोठा दवाखाना. पोलीस केसच्या भीतीनं लोक तास-तास घालवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ सांगतं, की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. मी दादाला पाहिलेलं नाही, त्यामुळे निदान करत नाही. पण तुम्ही सांगितलेला क्रम मी ओपीडीत ऐकला असता तर पहिलं नाव बायपोलरचं मनात आलं असतं. त्यात काही काळ नैराश्याचा, काही काळ उन्मादाचा, म्हणजे मूड फार चढलेला, आणि मधे चांगले महिने किंवा वर्षं असतात. नैराश्य म्हणायला किमान दोन आठवडे आणि उन्माद म्हणायला साधारण आठवडाभर ही लक्षणं जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ टिकलेली असावी लागतात. दादाचे तर महिने झाले. तरी काही गोष्टी तपासल्याशिवाय पुढे जाता येत नाही: थायरॉइड, गांजा किंवा दारू, डोक्याला मार, फिट्स, दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी घेतलेली स्टेरॉइड्स. 'ताकदीच्या' म्हणून घेतलेल्या पुड्यांतही कधीकधी स्टेरॉइड निघतं. यातलं काही असेल तर उपचाराची दिशा बदलते.

माझ्या अनुभवात बायपोलर उशिरा ओळखला जातो त्याचं मोठं कारण म्हणजे उन्मादाचा सुरुवातीचा काळ घरच्यांना हवाहवासा वाटतो. चार महिने न बोललेला माणूस बोलायला लागतो, पहाटे उठतो, कोठा साफ करतो, पाहुण्यांना चहा करून देतो. 'आता तर पोरगा बम कामाले लागला,' असं आई कौतुकानं सांगते. दोन आठवड्यांनी तो सोनं मागतो तेव्हा घर जागं होतं. बायपोलरच्या माणसाचा चढलेला काळ त्या मानानं थोडा असतो, गप्प काळ कितीतरी जास्त. म्हणून तो दवाखान्यात येतो तो बहुधा गप्प असतानाच, आणि डॉक्टरला समोर दिसतं ते फक्त नैराश्य.

याचा एक धोका आहे. नुसत्या नैराश्याच्या गोळ्या, मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाशिवाय, बायपोलरच्या माणसाला दिल्या तर काहींचा मूड उलटा चढतो. आता तुम्ही दादाला नवीन डॉक्टरकडे न्याल तेव्हा तो मान खाली घालून बसेल आणि मार्च-एप्रिलबद्दल एक शब्दही सांगणार नाही. ते सांगणं तुमचं काम. सोनं, ट्रॅक्टर, वराती, रात्री दोनला वावरात जाणं, सगळं महिन्यांसकट सांगा. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. ओपीडीत एका पेशंटला मिळतात जेमतेम काही मिनिटं, त्यात हे राहून गेलं तर पुढचं वर्ष फुकट जातं.

'पण मॅडम, याले बिमारी नाई, टेन्शन हाय,' हे वाक्य माझ्याकडे रोज येतं. कर्ज खरं असतं, सोयाबीनला भाव नसतो हेही खरं, बोंडअळी खरी. पण कर्ज आहे म्हणून आजार नाही, असं होत नाही. दोन्ही एका घरात राहू शकतात आणि एकमेकांना वाढवतात. काळजीतला माणूस हिशेब करतो, भावाची चौकशी करतो, दोन लोकांकडे हात पसरतो, नातू मांडीवर आला तर घटकाभर हसतो. नैराश्यातल्या माणसाला पीकविम्याचे पैसे आले तरी हालचाल होत नाही. पहाटे तीन-चारला जाग येते आणि सकाळ सगळ्यांत जड जाते. जेवण उतरत नाही. 'माझ्यामुळेच घर बुडालं' हे तो पुन्हा पुन्हा म्हणतो, किंवा काहीच म्हणत नाही आणि अंग दुखतं, डोकं जड आहे, छातीत धडधडतं म्हणून सलाइन लावून घेत फिरतो. असं दोन आठवडे चाललं की कर्जाचं काय करायचं ते करा, पण मनोविकारतज्ज्ञाला दाखवा. कर्जमाफीनं नैराश्याचा आजार बरा होत नाही आणि गोळीनं कर्ज फिटत नाही. दोन्ही कामं वेगवेगळी करावी लागतात.

मदत न मिळणं हे एकट्या तुमच्या घरचं नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बायपोलरच्या सुमारे ७० टक्के रुग्णांना उपचार मिळत नसल्याचं आढळलं होतं. आणि परिस्थिती हलते हेही आपल्याच भागात दिसलं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन नैराश्याबद्दल बोलायचं, साधं समुपदेशन करायचं आणि गरज पडली तर डॉक्टरशी गाठ घालून द्यायची. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास होतं, ते दीड वर्षात २७ च्या घरात गेलं.

आता झोप. यावर मी सगळ्यांत जास्त वेळ घेते आणि घरच्यांना त्याचाच कंटाळा येतो. माणसाचा मूड पाहून तो चढतोय की उतरतोय हे घरच्यांना चटकन कळत नाही, कारण आपल्याला तो रोज दिसतो. झोपेचे तास मात्र मोजता येतात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजच्या तारखेखाली फक्त एक आकडा लिहा, दादा किती तास झोपला. नैराश्यात झोप हवी असते पण येत नाही, किंवा दिवसभर झोपूनही थकवा राहतो. उन्माद सुरू होताना झोपेची गरजच कमी होते. तीन तास झोपून माणूस ताजा उठतो, आणि हे दोन-तीन रात्री लागोपाठ झालं की तो अजून काही वेगळं वागलेला नसला तरी डॉक्टरला फोन करायचा. त्या टप्प्यावर डोसमध्ये थोडा बदल पुरतो. पुढच्या टप्प्यावर भरती लागते.

आणि झोप मोडणं हे नुसतं लक्षण नसतं, ते कारणही होतं. आपल्याकडे ते कुठून येतं पाहा. ओलिताला लाइन रात्रीची असते, म्हणून हरभऱ्याला पाणी द्यायला रात्रभर जागायचं. तुरीत रोही (नीलगायी) आणि डुकरं शिरतात, म्हणून जागल. नवरात्राचं जागरण, सप्ता, मग लग्नसराई. बायपोलर असलेल्या माणसानं हे सगळं करू नये असं मी म्हटलं तर शेती कोण करणार? म्हणून वाटणी करा. रात्रीचं ओलित आणि जागल तुमच्याकडे किंवा मजुराकडे, दिवसाचं काम दादाकडे. वरातीला जावं, जेवून दहाला घरी यावं. हे कर्जदाराला ऐकवायला अवघड आहे, मला माहीत आहे. मजुराच्या रात्रीच्या पैशांचा हिशेब आणि भरतीच्या खर्चाचा हिशेब एकदा शेजारी मांडून बघा.

गोळ्यांचं काय? आयुष्यात एकदाच नैराश्य आलं असेल तर बरं वाटल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवून मग हळूहळू कमी करता येतं. बायपोलरचं गणित वेगळं. उन्मादाचा एक मोठा झटका येऊन गेला आणि पाठोपाठ नैराश्य आलं, तर मी तरी कित्येक वर्षांची भाषा करते, काहींना कायमची. पण 'जन्मभर' हा शब्द पहिल्याच भेटीत माणसाच्या डोक्यात घालत नाही. 'पुढच्या पोळ्यापर्यंत घेऊ, मग बसून बोलू' म्हणते, आणि पोळ्याला खरंच बसून बोलते. डोस कमी करता येतो, गोळ्या कमी करता येतात. एकदम सोडल्या, विशेषतः लिथियम, तर आजार उलटण्याची शक्यता बरीच वाढते. दादाचं तेच झालं असावं.

लिथियमबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण विदर्भात ते देताना जास्त जपावं लागतं. औषध जुनं आहे. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादावर त्याचा उपयोग दाखवला. पुन्हा झटका येऊ न देण्यात ते आजही आघाडीवर आहे, आणि आत्महत्येचा धोका कमी करणारं औषध म्हणून त्याच्याकडे मी आदरानं बघते. स्वस्तही आहे. पण परिणाम देणारी आणि त्रास देणारी पातळी यांत अंतर कमी. रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.० च्या मधे हवी, म्हणून रक्त तपासत राहावं लागतं, शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी. थायरॉइड आणि किडनीची तपासणीही दर सहा महिन्यांनी. आता आपला मे महिना आठवा. चंद्रपूर, वर्धा, अकोला, पारा ४५ च्या वर. घामावाटे पाणी आणि मीठ जातं, आणि शरीरात मीठ कमी पडलं की किडनी मिठासोबत लिथियमही धरून ठेवते. गोळी तेवढीच, पण रक्तातली पातळी चढते. जुलाब-उलट्यांत तसंच. कडक उपासात तसंच. म्हणून उन्हाळ्यात भरपूर पाणी, जेवणात नेहमीइतकं मीठ, आणि दुपारी बारा ते चार वावरात जाणं नाही. अंगदुखीसाठी गावात जी डायक्लोफेनॅकची सुई किंवा आयब्युप्रोफेनची गोळी सहज मिळते, तीही पातळी वाढवते. दुखलं तर पॅरासिटामॉल घ्या आणि सुई देणाऱ्याला आधी सांगा की लिथियम चालू आहे. बीपीच्या काही गोळ्यांचंही असंच आहे, त्या सुरू करण्याआधी विचारा. हात जोरात थरथरायला लागले, जुलाब-उलट्या, चालताना तोल जातोय, जीभ जड झाली, गुंगी आली, यातलं काहीही दिसलं तर पुढची गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

दादाला लिथियमच मिळेल असं नाही. व्हॅल्प्रोएट आहे, क्वेटियापिन, ओलान्झापिन आहेत. वजन आणि साखर वाढणं, सुस्ती, असे ज्याचे त्याचे त्रास आहेत. ते मोकळेपणानं सांगितले तर औषध बदलता येतं. हे वाचणाऱ्यांत कुणी तरुण मुलीसाठी वाचत असेल तर एक लक्षात ठेवा, मूल होण्याच्या वयात व्हॅल्प्रोएट शक्यतो टाळतात, कारण गर्भाला त्याचा मोठा धोका असतो. चालू असेल तर मनानं बंद करू नका, डॉक्टरांशी बोला.

चहात किंवा वरणात गोळी मिसळून देणं. तुम्ही विचारलं नाही, पण आज ना उद्या कुणीतरी सुचवेलच. मी करू देत नाही. माणसाला कधी ना कधी कळतं, आणि त्यानंतर तो घरातलं जेवणसुद्धा संशयानं बघतो. शिवाय ज्याला आपण औषध घेतोय हेच ठाऊक नाही, तो त्रास कसा सांगणार, पाणी जास्त कसं पिणार, रक्त तपासायला हात कसा पुढे करणार?

आईचं म्हणणं खोडून काढत बसू नका. माझ्याकडे येणाऱ्यांतल्या कितीतरी जणांच्या मनगटावर दोरा असतो, मी तो कधी सोडायला लावलेला नाही. आईला नवस बोलू द्या, देवाला जाऊ द्या. अटी एवढ्याच: गोळी चुकणार नाही, मारहाण नाही, साखळदंड नाही, उपाशी ठेवणं नाही, मिरचीची धुरी नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं, बांधणं, धुरी देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, हे भगतालाही माहीत असतं, तुम्ही फक्त आठवण करून द्या. आईशी भांडलात तर गोळ्यांवर लक्ष ठेवणारं घरातलं सर्वांत चोख माणूस तुम्ही गमावाल.

आता ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले ते. तुमचं दुखणं असं आहे की चढलेल्या काळात दादा ऐकत नाही आणि गप्प काळात त्याला काही ठरवता येत नाही. मग बोलायचं कधी? मधल्या चांगल्या महिन्यांत. नेमकं तेव्हाच घर म्हणतं, 'आता बरा आहे, कशाला विषय काढायचा?' आणि तो वेळ वाया जातो. यावेळी उपचार सुरू झाले, तो माणसांत आला, जेवायला-खायला लागला, की विषय काढा. आत्ता नाही. आत्ता तो ज्याला हो म्हणेल ते स्वतःला शिक्षा म्हणून म्हणेल.

त्या वेळी दादासोबत बसून, त्याच्या मर्जीनं, काही गोष्टी कागदावर आणा. झोप किती रात्री कमी झाली की डॉक्टरकडे जायचं. त्याला कोण बोललं तर तो ऐकतो. बरेचदा ते घरातलं कुणी नसतंच, मामा असतो किंवा शाळेतला मित्र. ठरावीक रकमेवरचा कुठलाही व्यवहार दोन रात्री झोपून मगच, आणि यूपीआयची मर्यादा कमी करून ठेवायची. सोनं लॉकरमध्ये वहिनींच्या नावावर. कृषी केंद्रवाला आणि अडत्या यांना दादानं स्वतःच सांगायचं, की मी अमुकपेक्षा जास्त उधारी मागितली तर भावाला फोन करा. लोक हे करतात. आपण कोणत्या आजारातून जातो हे ज्याला कळलं आहे, तो माणूस यात घरच्यांपेक्षा कडक असतो.

पण सातबाऱ्याला हात लावू नका. भाऊ म्हणून तुम्ही चांगल्या हेतूनं विचारत असाल, तरी सांगून ठेवते. 'हा वेडा आहे असं लिहून द्या' म्हणत जमिनीच्या कागदांसाठी येणारे भाऊ आणि चुलते मी पुष्कळ पाहिले आहेत आणि त्यांना मी बाहेरचा रस्ता दाखवते. मानसिक आजार आहे म्हणून माणूस आपोआप व्यवहाराला अपात्र ठरत नाही, ते ठरवायचा अधिकार न्यायालयाचा आहे.

याच कागदाला कायद्याची जोड देता येते. २०१७ च्या कायद्यानुसार दादा बरा असताना लिहून ठेवू शकतो, की पुढे आजार वाढला तर मला कसे उपचार हवेत, कसे नकोत, आणि माझ्या वतीनं कोण बोलेल. त्या माणसाला नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणतात. इथेच तुमच्या भरतीच्या प्रश्नाचं उत्तर येतं. दादा स्वतः तयार असेल तर सरळ भरती होता येतं. तो तयार नाही, पण स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे, किंवा स्वतःकडे बघण्याच्याही स्थितीत नाही, तर प्रतिनिधीच्या अर्जावर भरती करता येते. त्यासाठी दोन तज्ज्ञांनी, त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ, त्याला वेगवेगळं तपासावं लागतं. ही भरती सुरुवातीला जास्तीत जास्त ३० दिवसांची. प्रतिनिधी नेमलेला नसेल तर जवळचा नातेवाईक चालतो. चार जणांनी दोरीनं बांधून गाडीत टाकणं हा शेवटचासुद्धा उपाय नाही, १०८ ची रुग्णवाहिका बोलवा, गरज पडली तर पोलिसांची मदत मागा, माणसाला सुखरूप दवाखान्यात पोचवणं हे त्यांचंही काम आहे. आणि डॉक्टरांनी शॉकचं नाव काढलं तर पळू नका. जेवणपाणी बंद झालेल्या, जिवावर उठलेल्या माणसाला ते फार लवकर उठवतं, आणि भूल न देता शॉक देण्यावर कायद्यानंच बंदी आहे.

रोजच्या बोलण्याचं थोडंसं. तो गप्प असताना 'हिंमत धर, उठ, कामाला लाग' याचा उपयोग नाही, त्याला ते जमत नाही म्हणूनच तो आजारी आहे. अंघोळीचं पाणी काढून द्या, बांधापर्यंत सोबत चला, परत या. तेवढंच. चढलेला असताना वाद घालू नका, आवाज खाली, आजूबाजूची गर्दी कमी, आणि 'नाही' ऐवजी 'उद्या तलाठ्याला विचारून करू'. दारू दोन्ही वेळी घातकच.

वहिनींना परत आणायची घाई करू नका. त्यांचं सोनं गेलं आहे, कदाचित मारही बसला आहे, आणि 'हिनंच काहीतरी केलं' असंही गावात कुणी म्हणत असेल. त्यांना दवाखान्यात बोलवा, डॉक्टरांसमोर आजार समजावून घेऊ द्या, त्यांचा राग बाहेर येऊ द्या. यायचं की नाही ते त्या ठरवतील. आल्याच तर गोळ्यांचं ओझं एकट्या त्यांच्यावर टाकायचं नाही.

कुठे न्यायचं? यवतमाळला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, वर्ध्याकडे सेवाग्राम आणि सावंगी, तिन्हीकडे मनोविकार विभाग आहेत. नागपूरला मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं, आणि प्रादेशिक मनोरुग्णालय. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम तालुक्याच्या ठिकाणीही ओपीडी घेते, तुमच्या आशाताईंना त्याचा दिवस विचारा. जे जवळ आणि स्वस्त पडेल ते निवडा. महिन्याच्या महिन्याला जाणं जमलं पाहिजे, एकदाच नागपूरच्या मोठ्या डॉक्टरकडे जाऊन येण्यापेक्षा ते जास्त कामाचं.

जाताना मे महिन्याची चिठ्ठी आणि रिकाम्या झालेल्या गोळ्यांच्या पट्ट्या सोबत घ्या, फेकल्या नसतील तर. काकांबद्दल सांगा. मार्च ते मे काय झालं ते एका पानावर लिहून न्या आणि दादासमोर मोठ्यानं वाचू नका, डॉक्टरांच्या हातात द्या. येताना पुढची तारीख लिहून घ्या, आणि ती वेचणीच्या किंवा बाजाराच्या दिवशी येत असेल तर तिथेच सांगून बदलून घ्या, नाहीतर दुसऱ्याच भेटीला खाडा पडतो.